दिवा कुणावर पडावा?

अमेरिकेत सिग्नल नसलेल्या झेब्रा क्रॉसिंगवर आता ठिकठिकाणी एक खांब दिसतो. वर हिरवट पिवळ्या रंगाची, कोपऱ्यावर उभी केलेली चौकोनी पाटी आणि तिच्यावर चालणारा माणूस. खाली क्रॉसिंगकडे तिरका बाण दाखवणारी छोटी पाटी. ह्या दोन पाट्यांच्या बेचक्यात दोन आडवे पिवळे दिवे, प्रत्येकी साधारण पाच इंच रुंद आणि दोन इंच उंच. एरवी ते बंद असतात. पादचाऱ्याने खांबावरचं बटण दाबलं की झपाझप उघडझाप करायला लागतात. काही ठिकाणी बटणातून आवाजही येतो. तो आवाज ‘आता चला’ असं म्हणत नाही. पिवळे दिवे लुकलुकत आहेत, एवढंच दोनदा सांगतो. गाड्या थांबल्या की नाही, ते तुमचं तुम्ही बघायचं.

ह्या दिव्यांवरून माझे वडील आणि माझी वहिनी यांच्यात जे बोलणं झालं, ते इथे लिहिते आहे. बाबा महाराष्ट्रात बांधकाम खात्यातून निवृत्त झाले, आयुष्य रस्त्यांच्या कामात गेलं. उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू काढून झालाय, डाव्याचं ऑपरेशन बाकी आहे. वहिनी फ्लोरिडात ट्रॅफिक इंजिनीअर आहे. मला गाडी चालवता येत नाही. मी कायमची रस्ता ओलांडणाऱ्यांपैकी, म्हणून ह्या वादात माझा जीव अडकलेला आहे.

रात्री जेवून घरी येत होतो. दादा गाडी चालवत होता, बाबा त्याच्या शेजारी बसले होते. पुढे दिवे लुकलुकायला लागले, दादाने गाडी थांबवली, एक बाई कुत्र्याला घेऊन पलीकडे गेली. गाडी सुटल्यावर बाबांनी मागे वळून वहिनीला विचारलं, “त्या खांबामागे रस्त्याच्या नावाची पाटी होती. काय नाव होतं?”

“मी पाहिलं नाही. का?”

“मी पाहत होतो आणि तरी मला वाचता आलं नाही. दिवे सुरू व्हायच्या आधी पाटी दिसत होती. सुरू झाल्यावर तिथे नुसता पिवळा धूर. ती बाई तर मला रस्त्याच्या मध्यावर आल्यावर दिसली.”

“पण गाडी थांबली ना, बाबा?”

“थांबली. माझा प्रश्न दिसण्याचा आहे.”

घरी पोचल्यावर चहा झाला आणि विषय पुन्हा निघाला. वहिनीने आधी आकडे मांडले, तो तिचा स्वभावच आहे. हे दिवे पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर अजमावले गेले ते फ्लोरिडातल्याच सेंट पीटर्सबर्ग शहरात. पट्टे आणि पाट्या तिथे आधीपासून होत्या. तरी क्रॉसिंगवर उभ्या असलेल्या माणसासाठी शंभरातले जेमतेम अठरा चालक थांबत. रस्त्याच्या दोन्ही कडांना हे दिवे लावल्यावर थांबणारे झाले एक्क्याऐंशी. मधल्या दुभाजकावरही लावले तेव्हा अठ्ठ्याऐंशीच्या आसपास. साधे गोल पिवळे ब्लिंकर लावूनही पूर्वी पाहिलं होतं, ते ह्याच्या जवळपासही पोचले नव्हते. 2008 साली अमेरिकेच्या संघीय महामार्ग प्रशासनाने ह्या दिव्यांना तात्पुरती मंजुरी दिली.

“म्हणजे अठरा टक्के थांबत होते तेव्हा पाटी अगदी स्वच्छ वाचता येत होती,” वहिनी म्हणाली. “दिवसाढवळ्या, नव्या कोऱ्या रंगात. वाचून ब्याऐंशी लोक निघून गेले. अडचण वाचनाची नव्हतीच. पाटी तिथे रोज असते, माणूस असो वा नसो. म्हणून तिच्याकडे कुणी बघत नाही. दिवा लागतो तो कुणीतरी बटण दाबलं म्हणून. आत्ता, इथे, एक माणूस उभा आहे, हे पाटी सांगूच शकत नाही.”

हा मुद्दा बाबांना मान्य होता आणि त्यांनी तसं सांगितलंही. पण लगेच पुढे म्हणाले, “थांबणारे वाढले हे खरं. जे अठरा-वीस अजून थांबत नाहीत, ते कोण आहेत ते बघ. काही बेदरकार असतील. काहींना कळलंच नसेल की हा लखलखाट कशासाठी. माझ्यासारखा माणूस नव्या गावात गाडी चालवतोय, वळण शोधतोय, पाट्या वाचत वाचत चाललाय, आणि त्याच्यासमोर हा प्रकार सुरू झाला, तर तो दिव्याकडेच बघत राहील. डोळा तिकडे आपोआप ओढला जातो, ते आपल्या हातात नसतं. पण दिव्याकडे बघणं म्हणजे माणसाकडे बघणं नाही, आणि पाटी वाचणं तर नाहीच.”

मग त्यांनी एक नियम काढला. अमेरिकेची वाहतूक चिन्हांची राष्ट्रीय नियमपुस्तिका त्यांनी नोकरीत असतानाच चाळलेली आहे. इशारापाटीच्या जोडीला लुकलुकणारा दिवा लावायचा तर तो पाटीच्या कडेपासून किमान बारा इंच दूर असावा, असं त्यात सर्वसाधारणपणे सांगितलं आहे. “कशासाठी? पाटी धुऊन जाऊ नये म्हणून. तुमचे हे दिवे मात्र पाटीच्या बुडाला चिकटवलेत.”

“अपवाद केलाय,” वहिनी म्हणाली. “मंजुरीतच तसं लिहिलंय. दिवा आणि पाटी मिळून एकच गोष्ट दिसावी म्हणून.”

“अपवाद कागदावर होतो. डोळ्यात कसा होईल?”

इथे बाबांनी जे समजावलं ते मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण रात्री गाडी चालवणाऱ्या प्रत्येक वयस्क माणसाचा हा अनुभव आहे आणि त्याचं कारण फार थोड्यांना माहीत असतं. डोळ्यात शिरणारा प्रकाश सगळाच्या सगळा नेमक्या जागी पोचत नाही. भिंगात आणि डोळ्याच्या इतर भागांत त्यातला काही इकडेतिकडे विखुरतो. तो विखुरलेला प्रकाश पडद्यासारखा सगळ्या दृश्यावर पसरतो आणि त्याखाली अंधुक गोष्टी बुडतात. दिव्याच्या जितकं जवळ बघावं तितका हा पडदा दाट. ढोबळ हिशेब असा की दिवा आणि पाटी यांच्यातला कोन निम्मा झाला की पडदा चौपट होतो. सत्तरीत हे विखुरणं तरुण डोळ्याच्या जवळपास दुप्पट असतं, तेही मोतीबिंदू नसताना. दिव्याला खेटून असलेली अक्षरं आणि दिव्याच्या शेजारी काळोखात उभा असलेला माणूस ह्या दोन्हींवर सर्वांत दाट पडदा पडतो. ज्याच्यासाठी दिवा लावला तोच त्याच्यामागे लपतो.

वहिनी हे नाकारत नव्हती. तिने लॅपटॉप उघडला आणि दिव्यांच्या उघडझापीचा क्रम दाखवला. तो इथे सविस्तर देते, कारण सगळा वाद त्यातच दडलाय. डावा दिवा 50 मिलिसेकंद पेटतो, मग 50 अंधार. उजवा 50, पुन्हा 50 अंधार. हेच आणखी एकदा. मग दोन्ही दिवे एकदम 50, अंधार 50, पुन्हा दोन्ही 50, आणि शेवटी 250 मिलिसेकंद पूर्ण अंधार. एकूण 800 मिलिसेकंदांचं एक आवर्तन, मिनिटाला 75 आवर्तनं.

“पूर्वीचा क्रम वेगळा होता,” वहिनी म्हणाली. “एका बाजूला दोन लांब झोत, दुसऱ्या बाजूला चार आखूड आणि एक लांब. दिवे जास्त वेळ पेटलेले असत. नंतर टेक्सासच्या संशोधकांनी वेगवेगळे क्रम रस्त्यावर लावून पाहिले. गाड्या सगळ्यांना सारख्याच थांबत होत्या. मग महामार्ग प्रशासनाने कमी पेटणारा क्रम पसंत केला आणि कारण चक्क लिहून दिलं. अंधाराचा वाटा जास्त असला की चालकाला पाटी वाचायला आणि उभा असलेला माणूस दिसायला सोपं जातं, विशेषतः रात्री. शिवाय सोलर बॅटरीही कमी खर्च होते. 2018 च्या नव्या मंजुरीत हाच क्रम आहे. म्हणजे तुम्ही म्हणताय ते सरकारी कागदात आहे, बाबा. आम्ही ते ऐकलं. ऐकून दिवा काढून टाकला नाही, त्याच्यात अंधार घातला.”

बाबांनी चष्मा काढला, कागद घेतला आणि बेरीज केली. आठशेपैकी तीनशे उजेड, पाचशे अंधार.

“पाचशे हा तुझा कागदावरचा अंधार,” ते म्हणाले. “ह्यातले पन्नास-पन्नासचे तुकडे डोळ्याला अंधार वाटतच नाहीत. उजेड गेल्यावर त्याचा ठसा तेवढा वेळ तर डोळ्यात राहतोच. माझ्या वयाला जास्तच. खरा अंधार शेवटचा, अडीचशेचा. तेवढ्यात डोळा एका जागी एकदा ठरतो. एकदाच. आता हिशेब कर. रस्त्याच्या नावाची अक्षरं सहा इंची. तुमच्याच पुस्तकाच्या हिशेबाने एक इंच अक्षराला तीस फूट, म्हणजे एकशेऐंशी फुटांवरून ती वाचता यावीत. ताशी चाळीस मैलांनी गाडी ते अंतर तीन सेकंदांत संपवते. तीन सेकंदांत तुझी आवर्तनं चारसुद्धा पुरी होत नाहीत. मला पाटी वाचायला मिळाल्या तीन-चार नजरा, आणि त्याही माझ्या सोयीने नाहीत, दिव्याच्या सोयीने. त्याच तीन-चार नजरांत मला माणूसही शोधायचाय, आरशातही बघायचंय.”

दादा एवढा वेळ गप्प होता. तो म्हणाला, “पण बाबा, मी रोज चालवतो. दिवे लागले की मी रस्त्याचं नाव शोधत नाही. वेग कमी करतो.”

“तू इथला झालास. रस्ता पाठ आहे तुला.”

“आणि वेग कमी केला की नजरा वाढतात,” वहिनीने धागा पकडला. “तुमचा हिशेब चाळीस मैलांचा आहे. दिव्यामुळे गाडी वीसवर आली तर तुमच्याकडे सहा सेकंद झाले. दिवा वाचायची संधी काढून घेतो हे खरं, पण वेळ परतही देतो. त्यातून एखादं वळण चुकलं तर पुढून वळता येतं. माणूस चुकला तर काही करता येत नाही.”

इथे मी वहिनीच्या बाजूची आहे, आणि ते मला लपवायचं नाही. 2022 साली अमेरिकेत साडेसात हजारांहून जास्त पादचारी गाड्यांखाली मेले, त्यातले चारांपैकी तीन तरी अंधारात. त्याच वर्षी आपल्याकडे 32,825. इतकी माणसं जात असताना पाटी नीट वाचता आली नाही ही तक्रार मागच्या रांगेत बसली पाहिजे.

पण बाबांची तक्रार नुसती पाटीची नाही हे हळूहळू माझ्या लक्षात येत गेलं. ते आपल्याकडच्या रस्त्यांविषयी बोलायला लागले तेव्हा जास्तच. आपल्याकडे पिवळा ब्लिंकर कुठे नसतो? दुभाजकाच्या टोकाला, स्पीडब्रेकरला, वळणावर, अर्धवट राहिलेल्या कामाच्या बॅरिकेडवर, टोलनाक्याच्या तोंडाशी. रात्री रहदारी ओसरली की चौकातले सिग्नलही पिवळ्या ब्लिंकरवर टाकतात. सोलर पॅनेल स्वस्त झाल्यापासून तर गावोगाव खांब उभे राहिले, आणि ते चोवीस तास लुकलुकतात. माणूस असो, नसो. “डोळा सरावतो,” बाबा म्हणाले. “सरावला की मेला. मग तो दिवा लक्ष वेधत नाही, फक्त शेजारची पाटी खराब करतो. आणि आपली पाटी वाचायला मुळात जास्त वेळ लागतो, देवनागरी वर, रोमन खाली. ज्याला जी लिपी येते ती तो शोधतो. त्याच्या शेजारी हे लुकलुकणं.”

“पण हा मुद्दा माझ्या बाजूचा आहे,” वहिनी हसली. “कायम चालणारा ब्लिंकर वाईट, हेच मी म्हणतेय. आमचा दिवा बटणाने लागतो, माणूस पलीकडे पोचेल इतका वेळ चालतो आणि बंद होतो.”

“आणि आपल्याकडे बटण दाबल्यावर कोण थांबेल?”

“आमच्याकडेही अठराच थांबत होते, बाबा. अमेरिकेतले लोक जन्मतः शहाणे असतात असं काही नाही.”

बाबांना हे उत्तर आवडलं. त्यांनी ब्रिटनचं उदाहरण काढलं. लेस्ली होर-बेलिशा वाहतूकमंत्री असताना, 1934 साली, तिथे काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या खांबावर नारिंगी गोळा बसवायला सुरुवात झाली. रस्त्यावरचे झेब्रा पट्टे नंतर आले, 1951 मध्ये त्यांना कायद्याचं रूप मिळालं. तो गोळा आजही संथ लयीत उघडझाप करतो. “तिथे वाचायला काहीच नाही. खांब हीच खूण. दिव्याने झाकावी अशी पाटीच शेजारी ठेवलेली नाही.”

“पण तोही सतत चालतो,” वहिनी म्हणाली, “आणि आत्ताच तुम्ही म्हणालात, डोळा सरावतो.”

ह्यावर बाबांकडे उत्तर नव्हतं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दोघं चालत त्या क्रॉसिंगपाशी गेले, मीही गेले. काळोख पडेपर्यंत थांबलो. वहिनीने बटण दाबलं आणि बाबा रस्त्याच्या कडेकडेने मागे मागे जात राहिले, जिथून चालक बघतो त्या अंतरावर. मी त्यांच्यासोबत होते. माझे डोळे चांगले आहेत, तरी दिव्यांशेजारी उभी असलेली वहिनी मला नुसती एक सावली दिसली. गडद निळा कुडता, मागे झाडं. दिवे बंद झाले आणि तिचा चेहरा दिसायला लागला.

तिथेच उभ्या उभ्या वहिनीने सांगितलं की रात्री दिव्यांची तीव्रता आपोआप कमी करणारं यंत्र बसवावं अशी शिफारस आहे. दिवे पाटीच्या खाली लावण्याऐवजी वर लावायची मुभाही आहे, कारण वर असले की ते बाजूला उभ्या असलेल्या माणसाच्या उंचीपासून दूर जातात. इथे दोन्ही केलेलं दिसत नव्हतं. “हे सुधारता येईल,” ती म्हणाली.

“ती रस्त्याच्या नावाची पाटीही हलव. पन्नास-साठ फूट अलीकडे घे. दिव्याच्या मागे वाचायचं काही ठेवूच नका. चालकाला एका वेळी एकच काम द्या. नाव आधी वाचू दे, मग माणूस बघू दे.”

“नावाची पाटी कोपऱ्यावरच असावी लागते. पुढच्या रस्त्याचं नाव सांगणारी आगाऊ पाटी अलीकडे लावता येईल. तेवढं नक्की.”

“आणि हा उजेड.” बाबांनी वर पाहिलं. रस्त्याचा दिवा क्रॉसिंगच्या पलीकडे होता, म्हणजे येणाऱ्या चालकाला वहिनीची पाठ उजळलेली आणि पुढची बाजू काळी. “हा खांब पट्ट्यांच्या अलीकडे असता तर तिच्या अंगावर समोरून उजेड पडला असता. मग मला ती दिसली असती, लुकलुक असो वा नसो. तुम्ही दिवा चालकाच्या डोळ्यात मारताय. तो माणसावर पाडा ना.”

वहिनीला हे माहीत होतं. महामार्ग प्रशासनाचा 2008 चाच एक अहवाल आहे, क्रॉसिंगवरच्या प्रकाशयोजनेबद्दल. जमिनीपासून दीड मीटर उंचीवर, चालकाकडे तोंड असलेल्या उभ्या प्रतलावर वीस लक्स उजेड असावा आणि दिवा क्रॉसिंगच्या अलीकडे असावा, असं त्यात सांगितलं आहे. रस्त्यावर किती उजेड पडतो हे आपण नेहमी मोजतो, माणसाच्या छातीवर किती पडतो हे क्वचित. बाबांनी आपल्याकडच्या रस्त्यांवर दिव्यांची कामं करून घेतली आहेत. तेव्हा हे मोजमाप हाताशी असायला हवं होतं, असं ते म्हणाले.

“मग करत का नाही?” मी विचारलं.

“पैसे,” वहिनी म्हणाली. “लुकलुकणारा खांब सोलरवर चालतो. पाया घातला, खांब उभा केला की काम झालं. प्रकाशखांबाला वीजजोडणी लागते, केबल टाकायला रस्त्याच्या कडेने खोदाई लागते, वीज कंपनीची परवानगी, दर महिन्याचं बिल. तेवढ्या पैशात मी आणखी किती क्रॉसिंगवर बटणाचे दिवे लावू शकते. शाळेसमोर, बसथांब्यासमोर, जिथे आज काहीच नाही. मला निवड करावी लागते, बाबा. पुस्तकात दोन्ही करा असं लिहिलेलं असतं, बजेटात एकाचीच जागा असते.”

बाबा थोडा वेळ गाड्यांकडे बघत राहिले. “बटणाचा दिवा लाव,” ते म्हणाले. “त्याला माझा विरोध नाही, आता नाही. पण प्रकाशखांबाची मागणी त्याच फायलीत जाऊ दे. मी खात्यात पाहिलंय. झटपट होणारी गोष्ट झाली की सगळ्यांना वाटतं काम संपलं, आणि खोदाईची फाईल तळाशी जाते. मग वर्षानुवर्षं तो तात्पुरता उपाय म्हणजेच रस्ता होऊन बसतो.”

“एका फायलीत घातलं तर दोन्ही अडकतात. हे मी इथे पाहिलंय. मी दिवा आधी मागणार.”

“मग खांबाची मागणी तारीख घालून कर.”

“तारीख घालीन. आणि नावाच्या पाट्यांची यादी तुम्ही करून द्या. रात्री कुठल्या वाचता येत नाहीत, ते तुमच्या डाव्या डोळ्याचं ऑपरेशन व्हायच्या आत.”